केबल टाकण्याआधीचा पैसा

दोन देशांमध्ये समुद्राखालून विजेची केबल टाकायची म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात: खर्च किती येणार आणि वीज कधी सुरू होणार? ही दोन उत्तरं मिळवायलाच कोट्यवधी युरो लागतात. समुद्राचा तळ वाळूचा आहे की खडकाचा, केबल किनाऱ्यावर कुठे वर आणायची, कन्व्हर्टर स्टेशनला (एसी वीज डीसी आणि डीसी पुन्हा एसी करणाऱ्या केंद्राला) जागा कुठली, मच्छिमारांचा पट्टा कुठून जातो, यातलं काही ठाऊक नसताना सांगितलेला कुठलाही आकडा अंदाजपंचेच असतो. आणि हे सगळं शोधून काढल्यावर ‘इथून केबल जाणार नाही’ असंही उत्तर येऊ शकतं. अशा कामाला बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला हातात काहीच नसतं. खासगी गुंतवणूकदार परवाने मिळाल्यावर येतात, त्याआधी नाही. मग हा पहिला पैसा कुणी घालायचा?

मी युरोपातल्या एका वीज-पारेषण कंपनीत इंजिनियर आहे. अशाच एका केबलच्या तयारीसाठी आम्ही युरोपीय संघाच्या ‘कनेक्टिंग युरोप फॅसिलिटी’ या निधीकडे अर्ज केला. तो मंजूर झाला आणि त्या पैशातून अभ्यास झाले. अर्जाच्या पहिल्या मसुद्यापासून सर्व्हेच्या शेवटच्या अहवालापर्यंत मी त्या टीममध्ये होते. प्रकल्पाचे परवाने अजून व्हायचे आहेत, म्हणून प्रकल्पाचं आणि दोन्ही देशांचं नाव घेत नाही. भूमध्य समुद्र एवढं सांगितलं तरी पुरे.

इंग्रजी अद्याक्षरांवरून (CEF) या निधीला सगळे ‘सेफ’ म्हणतात. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्यात ३३.७१ अब्ज युरो आहेत. त्यातले २५.८१ अब्ज वाहतुकीला, ५.८४ अब्ज ऊर्जेला आणि २.०७ अब्ज डिजिटल जोडणीला. ऊर्जेचा भाग ‘सिनेआ’ ही संस्था पाहते, डिजिटलचा ‘हाडेआ’. दोन्ही ब्रुसेल्समध्येच आहेत. ऊर्जेचा प्रकल्प या निधीकडे दोन टप्प्यांवर जाऊ शकतो, आधी अभ्यासासाठी आणि नंतर बांधकामासाठी. वर्तमानपत्रांत बातमी येते ती बांधकामाच्या अनुदानाची. आयर्लंड आणि फ्रान्सला जोडणाऱ्या ‘सेल्टिक इंटरकनेक्टर’ला २०१९ मध्ये ५३ कोटी ७ लाख युरो मिळाले, ते सगळीकडे छापून आलं. त्याआधी त्याच केबलच्या अभ्यासांना मिळालेली छोटी अनुदानं मात्र कुणाला आठवत नाहीत. माझ्या मते त्या छोट्या रकमांशिवाय मोठी रक्कम आलीच नसती.

अभ्यासाचा जास्तीत जास्त निम्मा खर्च निधीतून मिळतो. उरलेला निम्मा प्रकल्पवाल्यांनी घालायचा. आमच्यासारख्या नियमन असलेल्या कंपनीचा हा निम्मा शेवटी ग्राहकांच्या वीजबिलातून येतो. त्यामुळे देशाच्या वीज नियामकालाही, म्हणजे असा खर्च मंजूर करणाऱ्या संस्थेलाही, आधी पटवून द्यावं लागतं की केबल होईल की नाही हे माहीत नसताना हा खर्च बिलात धरणं रास्त आहे. छोट्या देशात, जिथे बिल वाटून घ्यायला माणसंच कमी, तिथे हा निम्मा फार जड जातो. आमच्या भागीदार कंपनीच्या संचालक मंडळात यावर बरीच खडाजंगी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पण अर्ज करायचा तर आधी यादीत नाव लागतं. युरोपीय संघाची ‘समान हिताच्या प्रकल्पां’ची यादी असते, तिला सगळे पीसीआय यादी म्हणतात. दर दोन वर्षांनी ती नव्यानं होते. २०२२ च्या नव्या नियमांखालची पहिली यादी युरोपीय आयोगानं, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेनं, नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. तीत १६६ प्रकल्प होते आणि ती एप्रिल २०२४ मध्ये लागू झाली. यादीत यायचं तर आधी युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संघटनेच्या दहा वर्षांच्या आराखड्यात प्रकल्प असावा लागतो. शिवाय सीमेवरची वीज वाहून नेण्याची क्षमता किमान ५०० मेगावॉटनं वाढली पाहिजे. आराखड्यात प्रत्येक प्रकल्पाची परीक्षा संगणकावर होते. सगळ्या युरोपचं वीजजाळं मांडून आपला प्रकल्प त्यातून काढून बघतात, किंवा नसेल तर घालून बघतात, आणि वीजनिर्मितीचा खर्च, वाया जाणारी पवन-सौर ऊर्जा, कार्बनचं उत्सर्जन यांत किती फरक पडला ते मोजतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला ते अतिशय प्रामाणिक वाटतं. कुठल्या मंत्र्याला कुठली केबल हवी आहे हे त्या मॉडेलला कळत नाही.

यादी दर दोन वर्षांनी बदलते याची टांगती तलवार मात्र सतत डोक्यावर असते. समुद्राखालच्या केबलची तयारी दोन वर्षांत होत नाही. म्हणजे एकीकडे मिळालेल्या अनुदानातून सर्व्हे चालू आहे आणि दुसरीकडे पुढच्या यादीसाठी पुन्हा तेच फॉर्म, तेच आकडे, तीच प्रादेशिक गटाची बैठक. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळी माणसं असतात. छोट्या कंपनीत सर्व्हे पाहणारा माणूसच हे फॉर्म भरतो.

अभ्यासासाठी अर्ज करणाऱ्यांना एक मोठी सवलत आहे आणि ती फार शहाणपणाची आहे. बांधकामासाठी पैसे मागायचे तर आधी दोन्ही देशांच्या नियामकांनी मिळून कुणी किती खर्च उचलायचा हे ठरवलेलं असावं लागतं. त्यांचं जमलं नाही तर ल्युब्लियानातली ‘एसर’ ही युरोपीय नियामक संस्था निर्णय देते. शिवाय प्रकल्प बाजारातल्या उत्पन्नावर उभा राहू शकत नाही हेही दाखवावं लागतं. अभ्यासासाठी यातलं काही लागत नाही. लागलं असतं तर आमचा प्रकल्प तिथेच संपला असता. किती खर्च येणार हेच माहीत नसताना तो वाटून घ्यायला कुठला नियामक तयार होईल?

अर्जाची तयारी सुरू झाली आणि पहिली बाब आली ती संमतिपत्रांची. ज्या ज्या देशात काम होणार त्या त्या देशाच्या सरकारची लेखी संमती अर्जासोबत जोडावी लागते. ऐकायला हे एक पत्र वाटतं. आमच्या एका बाजूला पत्र लवकर आलं, कारण ऊर्जा मंत्रालयातला विभागप्रमुख प्रकल्प सुरुवातीपासून ओळखत होता. दुसऱ्या बाजूला निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि मंत्रालयाची फेररचना चालू होती. ज्या विभागाकडे वीजजोडणी होती तो हवामान-बदलाच्या खात्यात गेला, सही करायचा अधिकार मात्र जुन्याच खात्यात राहिला. पत्राचा मसुदा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. तेवढ्यात आमच्या भागीदारांनी अर्जाच्या शीर्षकात ‘किनारी जोडणी’ हे शब्द घालायचा आग्रह धरला. तो योग्यच होता, कारण निम्मं काम किनाऱ्यावरचंच होतं. पण पत्रातलं शीर्षक अर्जातल्या शीर्षकाशी तंतोतंत जुळलेलं बरं असतं. म्हणून आधी आलेलं पत्रही पुन्हा मागवावं लागलं.

त्या मंत्रालयातल्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला यातून बाहेर काढलं. फोनवर त्या मला म्हणाल्या, “तुम्ही मला तांत्रिक टिपण पाठवू नका. मंत्र्यांनी एका मिनिटात वाचावं असं अर्ध्या पानाचं पत्र द्या, त्यात आपल्या देशाला काय मिळणार आणि आत्ता काय द्यावं लागणार एवढंच लिहा.” मी ते अर्धं पान लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की आमच्या शेकडो पानांच्या कागदपत्रांत ही दोन उत्तरं एका जागी कुठेच नव्हती. ते अर्धं पान पुढे अर्जाचा पहिला परिच्छेद झालं.

अर्जाचं मूल्यमापन पाच निकषांवर होतं: प्राधान्य आणि निकड, परिपक्वता, गुणवत्ता, परिणाम, आणि हा निधी नसता तर प्रकल्पाचं काय झालं असतं. प्रत्येकाला पाच गुण. प्रत्येकात किमान तीन आणि एकूण पंचवीसपैकी किमान पंधरा मिळालेच पाहिजेत. सगळ्यात अवघड परिपक्वतेचा निकष. तयारीसाठी पैसे मागायला गेलं की आधी विचारतात, तुमची तयारी किती झाली आहे? आमच्यातले काही जण यावर वैतागले होते. मला तो प्रश्न बरोबर वाटला. पैसे मिळाल्यावर पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येईल का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. सर्व्हेसाठी जहाज भाड्यानं घ्यायच्या निविदेची कागदपत्रं तयार आहेत का, समुद्रात सर्व्हे करायची दोन्ही देशांची परवानगी आहे का, तुमच्या वाट्याचा निम्मा पैसा मंजूर झाला आहे का? यांतल्या प्रत्येकाचं उत्तर कागदानिशी देता आलं पाहिजे. नुसतं ‘प्रक्रिया चालू आहे’ लिहिलं तर गुण जातात.

आणि इथेच एक काटेरी नियम येतो. अर्ज दाखल करण्याआधी झालेला खर्च अनुदानात धरत नाहीत. म्हणजे परिपक्वता दाखवायला जे काम आधी करावं लागतं ते स्वतःच्या खिशातून. नकाशांवरून मार्गाचा पहिला अभ्यास, किनाऱ्याच्या जागांची छाननी, जुन्या सागरी नोंदी विकत घेणं, हे सगळं आम्ही आमच्या पैशातून केलं होतं. ज्यांच्याकडे एवढेही पैसे नाहीत ते प्रकल्प कितीही चांगले असले तरी रांगेत मागे राहतात. हा दोष मला खरोखर गंभीर वाटतो. सीमेपलीकडच्या पवन-सौर प्रकल्पांसाठी याच निधीत वेगळा, यादीत येण्याआधीच्या अभ्यासाचा मार्ग ठेवलेला आहे. तसं काहीतरी केबलसाठीही असायला हवं.

अंदाजपत्रकाचा तक्ता हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक कामाचा गट, प्रत्येक भागीदार, प्रत्येक खर्चाचा प्रकार असा तो आडवा-उभा पसरत जातो. आमच्या माणसांचा पगार धरायचा तर वर्षाचा एकूण खर्च भागिले २१५, हा दिवसाचा दर. वर्षात कामाचे २१५ दिवस धरायचे हे संघाच्या सगळ्या अनुदानांना लागू आहे, मग माणूस प्रत्यक्षात किती दिवस ऑफिसला आला ते विचारत नाहीत. नंतर दर महिन्याला प्रत्येकानं या प्रकल्पावर किती दिवस घातले ते लिहून सही करायची. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला याचा फार राग यायचा. मी मात्र त्या कागदांच्या बाजूची आहे. दोन देशांच्या नागरिकांचा पैसा आहे, तो कुणाच्या किती दिवसांवर गेला हे वर्षांनंतरही कुणालाही तपासता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती केबलसोबतच्या फायबरवर. समुद्राखालच्या विजेच्या केबलसोबत ऑप्टिकल फायबर जातंच. दोन टोकांची कन्व्हर्टर स्टेशनं एकमेकांशी त्यातून बोलतात, आणि केबल कुठे किती तापली आहे हेही त्यातून कळतं. आमच्या कामाला त्यातल्या थोड्याच जोड्या पुरतात. खंदक तोच, जहाज तेच. मग थोडे जास्त धागे घातले तर दोन देशांच्या विद्यापीठांना, दवाखान्यांना, टेलिकॉम कंपन्यांना एक नवा मार्ग मिळतो. हे सुचायला काही अवघड नाही. अवघड आहे ते कागदावर आणणं.

निधीच्या नियमात एका क्षेत्राच्या प्रकल्पात दुसऱ्या क्षेत्राचा पूरक भाग घालायची सोय आहे, पण त्याचा खर्च एकूण पात्र खर्चाच्या २० टक्क्यांपुढे जाता कामा नये. तेवढ्यात आम्ही आरामात बसत होतो. अडचण नियामकांची होती. वीज ग्राहकांच्या पैशातून घातलेलं फायबर टेलिकॉम कंपनीला भाड्यानं दिलं तर ते उत्पन्न कुणाचं? बिल कमी करायला वापरायचं की कंपनीनं ठेवायचं? दोन्ही देशांचे नियम वेगळे. एका देशात पारेषण कंपनीला टेलिकॉम सेवा थेट विकायलाच मनाई. शेवटी आम्ही फायबरचा एक छोटा स्वतंत्र अभ्यास अर्जात ठेवला: मागणी किती, किनाऱ्यापासून जवळच्या डेटा सेंटरपर्यंतचा मार्ग कुठला, मालकी कशी ठेवावी. पुढचं काम डिजिटल विभागाकडे न्यायचं ठरलं. त्या विभागातूनही अशा पूर्वतयारीला पैसे मिळतात. आर्क्टिक महासागरातून युरोप आणि जपानला जोडायची ‘पोलर कनेक्ट’ची कल्पना आहे, तिच्या तयारीलाही हा निधी मिळाला आहे.

डिजिटल बाजूला प्रश्न वेगळे विचारतात. कंपनीची मालकी कुणाकडे, नियंत्रण कुठल्या देशातून, उपकरणं कुणाची, बिघाड झाला तर दुरुस्तीचं जहाज कुठून येणार? २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड आणि एस्टोनियामधली ‘एस्टलिंक २’ ही वीज केबल तुटली आणि त्याच वेळी शेजारच्या दूरसंचार केबल्सचंही नुकसान झालं. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं केबल सुरक्षेसाठी कृती आराखडाच काढला. त्या दिवसानंतर आमच्या बैठकांत सुरक्षेचा विषय अजेंड्याच्या तळाशी कधी राहिला नाही. वीज आणि डेटा एकाच खंदकात घालायचे तर एका नांगरानं दोन्ही जाऊ शकतात, हे आम्हाला नव्यानं मोजावं लागलं. काही टप्प्यांत दोन्ही एकत्र ठेवायचं आणि उथळ पाण्यात, जिथे जहाजांची वर्दळ जास्त, तिथे वेगळं करायचं, हा पर्याय फायबरच्या अभ्यासातून पुढे आला.

अर्ज ब्रुसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर चढवायचा असतो. आम्ही तो आदल्या दिवशीच चढवला. निकाल कळवायला सहा महिन्यांपर्यंत आणि करारावर सही व्हायला नऊ महिन्यांपर्यंत लागू शकतात. बाहेरचे तज्ज्ञ गुण देतात, मग सदस्य देशांची समिती, मग आयोगाचा निर्णय. आम्हाला परिपक्वतेत सगळ्यात कमी आणि परिणामात सगळ्यात जास्त गुण मिळाले. तज्ज्ञांच्या शेऱ्यात एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं: किनाऱ्याच्या जागेचा एकच पर्याय तपासणं जोखमीचं आहे. करार करताना आम्ही दुसरा पर्यायही कामात घेतला. पुढे त्याच वाक्यानं प्रकल्प वाचवला.

मग सर्व्हे. जहाज मिळवण्यातच बराच वेळ गेला, कारण समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे युरोपात अशा जहाजांना प्रचंड मागणी आहे आणि दर चढले आहेत. जहाजावरचं मल्टिबीम यंत्र तळाचा उंचसखलपणा मोजतं, साइड-स्कॅन सोनार तळावर काय पडलंय ते दाखवतं, सब-बॉटम प्रोफायलर तळाखालचे थर. मॅग्नेटोमीटर लोखंड शोधतं, म्हणजे जुने नांगर, बुडालेल्या बोटी आणि महायुद्धात न फुटता राहिलेले बॉम्ब. त्यानंतर ठरावीक अंतरावर तळात नळी घुसवून गाळाचे नमुने काढतात.

त्या नळ्या प्रयोगशाळेत उभ्या चिरून उघडताना मी हजर होते. आत करड्या चिखलाचा लांब दंडगोल, मध्ये शिंपल्यांचे पातळ पट्टे, एका जागी काळसर थर आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास. तंत्रज्ञानं त्या काळसर थरात एक बारीक सुई खुपसली, तिला ठरावीक उष्णता दिली आणि तापमान किती भरभर चढतं ते स्क्रीनवर पाहिलं. ते भरभर चढलं. याचा अर्थ त्या गाळातून उष्णता सहज बाहेर जात नाही. केबलमधून वीज गेली की ती तापते, आणि भोवतालच्या गाळानं ती उष्णता वाहून न्यावी लागते. नेली नाही तर इन्सुलेशन सोसू शकेल त्यापेक्षा तापमान वर जातं. मग एक तर वीज कमी पाठवायची नाही तर तांब्याचा गाभा जाड घ्यायचा. कित्येक किलोमीटर जाड गाभा म्हणजे किती पैसे, हा हिशेब आमच्या केबल इंजिनियरनं तिथेच उभ्या उभ्या केला आणि मार्ग पश्चिमेकडे सरकवता येईल का ते पाहायला घेतलं. सर्व्हे झाला नसता तर हे आम्हाला केबल टाकल्यावर, तीही तापून, कळलं असतं.

किनाऱ्याची गोष्ट याहून मोठी. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया ओशियानिका नावाचं समुद्रगवत असतं. ही जात फक्त याच समुद्रात आढळते आणि युरोपीय संघाच्या अधिवास संरक्षणाच्या नियमांत त्याला प्राधान्याचं स्थान आहे. त्याची कुरणं अतिशय हळू वाढतात. एकदा खणली की एका पिढीत भरून येत नाहीत. म्हणून केबल कुरणाखालून आडवं ड्रिलिंग करून न्यायची आणि कुरण संपल्यावर तळावर बाहेर काढायची असा बेत होता. पहिल्या जागेवर जमिनीत भोकं पाडून पाहिली तेव्हा चुनखडकात पोकळ्या सापडल्या. ड्रिलिंग करताना आत सोडलेला बेंटोनाइटचा चिखल त्या पोकळ्यांतून वर कुरणात फुटण्याचा धोका होता. भूगर्भतज्ज्ञानं अहवालात सरळ लिहिलं की ही जागा वापरता येणार नाही.

तो अहवाल पाठवताना टीममधल्या काहींना वाटलं की आता अनुदान कापलं जाईल, कारण आपण ‘नाही’ असं उत्तर घेऊन चाललो आहोत. सिनेआच्या अधिकाऱ्यानं तो अहवाल ठरलेलं काम पूर्ण झालं म्हणून स्वीकारला. त्याचं एवढंच म्हणणं होतं की निष्कर्ष पुराव्यानिशी असावा आणि दुसऱ्या जागेची तुलना सोबत असावी. मी सार्वजनिक पैशाच्या बाजूनं इतक्या ठामपणे का बोलते त्याचं कारण हे. खासगी पैसा ‘हो’ ऐकायला येतो. ज्यांनी भरपूर पैसे घातले आहेत त्यांना ‘नाही’ लिहिणारा भूगर्भतज्ज्ञ नको असतो. फ्रान्स आणि स्पेनमधल्या बिस्केच्या उपसागरातल्या केबलचंच पाहा. २०१८ मध्ये तिला ५७ कोटी ८० लाख युरोंचं अनुदान जाहीर झालं होतं. तरीही काप्ब्रेतोंची समुद्राखालची घळ अस्थिर आहे हे तपासांत स्पष्ट झाल्यावर मार्ग बदलून केबल त्या भागापुरती जमिनीवरून न्यायचं ठरलं. महाग पडलं, पण केबल टाकल्यावर तळ सरकला असता तर त्याची किंमत याहून कितीतरी जास्त झाली असती.

लोकांशी बोलण्याचाही यात खर्च असतो आणि तो सगळ्यात चांगला खर्च. परवान्याचा अर्ज देण्याआधी किमान एकदा जनतेचं मत घेणं नियमानं बंधनकारक आहे. आम्ही बंदरातल्या मच्छिमारांच्या सहकारी संस्थेत गेलो. एका तांडेलानं आमचा नकाशा पाहिला आणि विचारलं, “केबल चिखलात पुरणार असाल तर माझी हरकत नाही. पण जिथे पुरता येणार नाही तिथे तिच्यावर दगड टाकणार ना? त्या दगडांत माझं जाळं फाटणार. ते कुठे टाकणार ते आज सांगा.” आमच्याकडे तेव्हा त्याचं उत्तर नव्हतं. त्याच्यासोबत बसून आम्ही त्याच्या जीपीएसमधल्या खुणा, म्हणजे त्याची जाळी वर्षानुवर्षं कुठून ओढली जातात ते पट्टे, त्याच्या संमतीनं नकाशावर घेतले. दगड टाकावे लागतील अशा जागा नंतर त्या पट्ट्यांबाहेर नेता आल्या, दोन ठिकाणं सोडून. त्या दोन ठिकाणांबद्दल भरपाईची बोलणी चालू आहेत.

पुढच्या सात वर्षांच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव आयोगानं जुलै २०२५ मध्ये मांडला. त्यात २०२८ ते २०३४ साठी या निधीच्या ऊर्जा विभागाला २९.९ अब्ज युरो सुचवले आहेत, आजच्या पाचपट. याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच प्रस्तावात डिजिटल विभाग या निधीतून काढून वेगळ्या स्पर्धात्मकता निधीत टाकला आहे. केबल एका खंदकात आणि तिच्या तयारीचे अर्ज दोन वेगळ्या निधींकडे, दोन वेगळ्या वेळापत्रकांवर, दोन वेगळ्या निकषांवर, हे मला काळजीचं वाटतं. आज निदान एका नियमावलीतल्या २० टक्क्यांच्या तरतुदीचा आधार तरी आहे. ती कुठल्याही स्वरूपात टिकली पाहिजे, आणि अभ्यासांसाठी ठरावीक वाटा राखून ठेवला पाहिजे. नाही तर मोठी बांधकामं सगळा पैसा घेऊन जातात. २०२४ च्या फेरीत ४१ प्रकल्पांना मिळून सुमारे १.२५ अब्ज युरो मिळाले, त्यातले ६४.५ कोटी एकट्या बॉर्नहोम ऊर्जा बेटाला, म्हणजे बाल्टिक समुद्रातल्या डेन्मार्कच्या बेटावर पवनवीज गोळा करून पुढे पाठवायच्या प्रकल्पाला. ते बेट मोलाचं आहेच. पण उरलेल्यांत बरेच अभ्यास होते, आणि दहा वर्षांनंतरची बॉर्नहोम त्यांतूनच येणार आहेत.

आमचा शेवटचा अहवाल स्वीकारला गेला आहे आणि उरलेली रक्कमही आली. आता परवान्याचं काम चालू आहे. नियमानं त्याला अर्जापूर्वीचे २४ महिने आणि अर्जानंतरचे १८, असे एकूण ४२ महिने मिळतात, आणि दोन्ही देशांत त्यासाठी प्रत्येकी एकच खिडकी आहे. मार्ग पश्चिमेकडून जातो, किनारा दुसऱ्या जागेवर आहे, आणि खर्चाचा आकडा पहिल्यांदाच असा आहे की त्याखाली सही करायला आमचा मुख्य अभियंता तयार झाला. त्या आकड्यावर खर्चवाटपाची विनंती दोन्ही नियामकांकडे जाईल. मसुदा तयार आहे. कुणी किती टक्के उचलायचे यावर दोन्ही बाजूंचं अजून एकमत नाही, आणि पुढची बैठक त्यासाठीच आहे.